टेबलाच्या पायाखालचा चौकोन

"अगंबाई, काय गोड रंग गं!" सासूबाईंनी धाकटीच्या हातातले क्रोशाचे दोन चौकोन घेतले आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरले. गरम भांडी धरायला म्हणून धाकटीने ते विणले होते. गुलाबी, मध्ये पिवळं फूल, कडेला झालर. "बघ थोरले, याला म्हणतात कला!"

"छान आहेत," थोरली म्हणाली आणि कांदा नको तितका बारीक चिरत राहिली.

लग्न होऊन आल्यापासून या घरातलं गरम भांडं तिच्याच चौकोनांनी उतरत आलं होतं. पांढरट सुती दोरा, तोही दुहेरी, आणि घट्ट वीण. ना फूल, ना झालर. त्या चौकोनांनी कधी कुणाचं बोट भाजू दिलं नाही आणि कधी कुणाचं लक्षही वेधून घेतलं नाही. पिकतं तिथे विकत नाही, हे तिलाही कळत होतं. पण गेल्या आठवड्यात सासूबाईंनी त्यातला एक घडी करून जेवणाच्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारला, तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

धाकटीला क्रोशा शिकवला तोही तिनेच. पोरगी चटकन शिकली, हेच तर दुखणं. खरेदीला निघताना दारातून तिने विचारलं होतं, "ताई, दोरा कुठला आणू?" उत्तर सोपं होतं, सुतीच आण. ती स्वेटरची चकचकीत ॲक्रिलिकची लोकर फार तापली की वितळते आणि कातडीला चिकटते. पण आदल्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या होत्या, "धाकटीच्या हाताला तुझ्यापेक्षा सफाई आहे हो."

"कुठलाही आण," थोरली म्हणाली होती, आणि धाकटीने नेमकी ती लोकरच आणली.

चौकोन जरासा वितळेल, धाकट्या मॅडमचं नाक खाली होईल, बास, एवढाच तिचा हिशेब. हात भाजण्यापर्यंत तिने विचार केलाच नव्हता. की केला होता?

आता शेगडीवर बिडाचा तवा रिकामाच तापत राहिला होता. त्यातून धूर निघायला लागला.

"अगं, तवा उतरवा कुणीतरी!" सासूबाई म्हणाल्या. "धाकटे, तुझ्या चौकोनानेच उतरव. होऊन जाऊ दे उद्घाटन!"

धाकटी हसत पुढे झाली. तिने चौकोन दांड्याभोवती गुंडाळला आणि तवा उचलला. थोरली मूग गिळून बघत राहिली. क्षणभर तिला बरंही वाटलं. मग तो जळका वास आला.

"सोड! सोड ते!" तिने धाकटीच्या हाताला हिसडा दिला. तवा कलंडला. तो पोरीच्या पायावर पडणार, तोच थोरलीने नुसत्या हाताने धरून ओट्यावर लोटला. तळवा चरचरला.

"एवढा जळफळाट?" सासूबाई कडाडल्या. "पोरीने हौसेने केलेलं बघवत नाही तुला?"

थोरलीने भाजलेला तळवा छातीशी धरला. खोटं थोडंच होतं?

धाकटीने तिचा हात नळाखाली धरला. मग दुसऱ्या हातातला चौकोन उलटून पाहिला. मधलं फूल वितळून टणक झालं होतं. तिने त्यावर नख फिरवलं, स्वतःचा तळवा पाहिला. लाल झाला होता, पण धड होता.

"ताई, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

धाकटीने हात सोडला नाही. आग थांबेपर्यंत तशीच धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने टेबल एका बाजूने उचललं, पायाखालचा चौकोन काढला, घासून धुतला आणि उन्हात वाळत घातला. दुपारी पातेलं त्यानेच उतरवलं.

"काही म्हणा, जुनं ते सोनं," जेवताना सासूबाई म्हणाल्या. "थोरलीच्या विणीतून जरासुद्धा चटका लागत नाही."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. थोरलीचा उजवा हात पट्टीत होता, ती डाव्या हाताने चमचा सावरत होती. टेबल पुन्हा डुगडुगायला लागलं होतं आणि भांड्यातलं पाणी हिंदकळत होतं.

धाकटी डाव घेऊन तिच्याजवळ आली. या घरात आल्यापासून तिने थोरलीला ताईशिवाय हाक मारली नव्हती.

"अजून वाढू का, जाऊबाई?"

"नको," थोरली म्हणाली आणि पट्टीचा हात टेबलाच्या कडेवर दाबून ते स्थिर धरून बसली.