विकायची नाही

पाण्यातसुद्धा लोकांनी मिस्त्रींना सोडलं नाही. तळ्यात तीनशे माणसं एकदम उतरलेली, हातापायांची नुसती घुसळण चाललेली, कुणाची टाच कुणाच्या नाकावर, आणि त्या गदारोळात शेजारून एक डोकं वर आलं. तोंडातलं पाणी थुंकून ते म्हणालं, "मिस्त्री, काल माझा मागचा ब्रेक घट्ट केलात ना? जरा ढिला वाटतोय."

वकीलसाहेब होते.

"पोहा हो!" मिस्त्री ओरडले, आणि ओरडायला तोंड उघडलं तेवढ्यात घोटभर तळं त्यांच्या पोटात गेलं.

आता ह्यात वकिलांचा तरी काय दोष? सवय कुणी लावली? वीस वर्षं सायकलचं दुकान चालवणाऱ्या ह्या माणसाच्या तोंडून कधी 'नाही' निघेल तर शपथ. दुकानाला कुलूप लावताना कुणी आलं तर कुलूप परत काढायचं. ताटावर बसल्यावर कुणी हाक मारली तर हात धुऊन उठायचं. रस्त्यात अनोळखी माणसाची चेन उतरलेली दिसली तरी ह्यांचे हात शिवशिवायचे.

आणि असल्या माणसाला शर्यतीचं वेड लागावं! ट्रायथलॉन म्हणजे आधी दीड किलोमीटर पोहायचं, मग चाळीस किलोमीटर सायकल, मग दहा किलोमीटर धावायचं. सायकल पावणेदहाच्या आत आणून लावली नाही, तर पंच धावायला सोडत नाहीत. तिथेच बाद. मिस्त्री तीन वर्षं बाद होत होते, आणि दमून झाले असते तर कुणी काही बोललं नसतं. पहिल्या वर्षी त्यांनी वाटेत दोन पंक्चर काढली, दोन्ही परक्यांची. दुसऱ्या वर्षी चार सायकली दुरुस्त केल्या. गेल्या वर्षी ह्याच वकिलांचा ब्रेक चाकाला घासत होता, तो सोडवण्यात सात मिनिटं गेली आणि मिस्त्री तीन मिनिटांनी बाद झाले. वकिलांनी मात्र शर्यत पूर्ण केली. पदक गळ्यात घालून, मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवून फोटोही काढून घेतला.

तो फोटो बघून बायकोचं टाळकं सरकलं. दुकानाचा गल्ला आणि सुट्या भागांची कपाटं तीच सांभाळायची, तेव्हा कुठलं गिऱ्हाईक किती चिवट हे तिला तोंडपाठ होतं.

"वर्षभर पहाटे साडेचारला उठून पळता. तुमच्यामागे दार लावायला मी उठते. आणि शेवटी काय, तर लष्कराच्या भाकऱ्या! भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही."

"अगं, माणूस रस्त्यात उभा असतो..."

"राहू दे उभा! आता येईल ते चौथं वर्ष, आणि तेच शेवटचं. दुसऱ्याच्या सायकलीला बोट लावायचं नाही. पूर्ण केलीत तर पुढे म्हातारे होईपर्यंत पळा. नाहीतर तो ट्रायथलॉन हा शब्द घरात काढायचा नाही."

नुसती अट घालून ती थांबली नाही. मिस्त्रींच्या स्वतःच्या सायकलची चेन इतकी झिजली होती, की ती गिऱ्हाइकाची असती तर त्यांनी सायकल दुकानाबाहेर जाऊ दिली नसती. पण दिव्याखाली अंधार! तेव्हा बायकोने त्यांच्यासाठी एक भारी चेन मागवली, खोकं आपल्या खणात ठेवलं आणि वर ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'विकायची नाही'.

शर्यतीच्या सकाळी तिने मिस्त्रींची सीटखालची पिशवी उलटी केली. पाने, पक्कड, चेनची पिन दाबायचं हत्यार, सगळं काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकलं. मागे ठेवली एक ट्यूब आणि एक छोटा पंप.

"तुम्हाला पंक्चर झालं तर एवढं पुरे. हत्यार जवळ असलं की तुमचा जीव राहत नाही. चेन बसवलीत ना?"

"बसवली," मिस्त्री म्हणाले आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकले.

तर असे मिस्त्री तळ्यातून बाहेर आले ते सात चव्वेचाळीसला. ओल्या अंगावर बनियन चढवलं आणि सायकल घेऊन सुटले. पाय छान चालत होते. पण सायकलच्या रस्त्यावर म्हणजे अर्धं गिऱ्हाईक पसरलेलं! सातव्या किलोमीटरला एक बाई हात हलवत होत्या. "मिस्त्री, बरं झालं आलात, गिअर पडत नाहीये!"

"वायर उजवीकडे पिळा!"

"उजवीकडे म्हणजे कुठे? जरा दाखवा ना!"

"तोंडाने सांगतोय तेवढं करा! हात लावणार नाही!"

पुढे एकाचं पंक्चर, एकाची सीट फिरलेली, एकाला तर काहीच झालं नव्हतं, तो केळं खात बसला होता आणि मिस्त्री दिसल्यावर त्याला सायकलीतून आवाज येतोय असं आठवलं. मिस्त्री सगळ्यांना ओलांडून गेले. प्रत्येक वेळी मागे वळून बघावंसं वाटायचं. पण वळले नाहीत. बत्तीस किलोमीटर झाले तेव्हा नऊ वाजून तीन मिनिटं झाली होती. उरलेले आठ ते वीस-बावीस मिनिटांत सहज मारणार होते. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांना वाटलं, यंदा जमतंय.

तेवढ्यात शेजारून दाताचे डॉक्टर गेले. चढावर, गुणगुणत. सायकलीचा एवढासाही आवाज नव्हता, कारण तिला नवीकोरी भारी चेन होती.

कुठली ते सांगायला हवं का? बायको शुक्रवारी बाजारात गेली होती. डॉक्टर दुकानात आले, "मिस्त्री, चेन गेली हो, परवा शर्यत, आता तुम्हीच मायबाप." दुकानातल्या चेन संपल्या होत्या. मिस्त्रींनी खण उघडला, बंद केला, परत उघडला. खोक्यावरचं अक्षर डॉक्टरांनीही वाचलं. "विकायची नाही लिहिलंय," ते म्हणाले. "विकत कुठे घेताय, घेऊन जा," असं म्हणून मिस्त्रींनी ती बसवून दिली आणि पैशाला हात लावला नाही. म्हणजे सकाळी बायकोला ते खोटं बोलले नव्हते. बसवली होतीच. आता काय म्हणावं ह्या माणसाला? कपाळ!

डॉक्टरांच्या मागोमाग मिस्त्रींनी चढावर जोर लावला आणि पायाखाली काडकन आवाज झाला. पेडल रिकामं फिरलं. झिजलेली चेन तुटून रस्त्यावर सापासारखी पडली होती.

चेन जोडायला मिस्त्रींना दोन मिनिटं पुरली असती. पण पिन दाबायचं हत्यार बायकोच्या पर्समध्ये, आणि पर्स बायकोच्या खांद्याला. दगडाने ठोकून बघितली, दाताने धरून बघितली. हात मनगटापर्यंत काळे झाले. स्पर्धकांनी एकमेकांना मदत केलेली चालते, तेव्हा वकील थांबले, गिअरवाल्या बाई थांबल्या, केळंवालाही थांबला.

"कुणाकडे हत्यार आहे?" मिस्त्रींनी विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. हत्यार कशाला बाळगतील? मिस्त्री होते ना!

"दोरीने बांधली तर?" वकील म्हणाले.

"तुम्ही जा हो!" मिस्त्री जवळजवळ किंचाळले. "जा सगळे! पावणेदहा होतील!"

चढ संपेपर्यंत सायकल ढकलली. उताराचे दोन किलोमीटर बसून घसरत गेले. मग सपाट रस्ता आला, आणि एक पाय पेडलवर, एक पाय जमिनीवर मारत, मधेच उतरून पळत, तुटकी चेन गळ्यात अडकवून मिस्त्री निघाले. सगळा राग कुणावर काढावा ते त्यांना कळेना. डॉक्टरांवर काढावा तर त्यांनी काय चोरी केली होती? बायकोवर काढावा तर जीभ रेटत नव्हती. शेवटी स्वतःलाच शिव्या देत ते पळत राहिले. गाढवा, तीन वर्षं रस्त्यात थांबून हरलास, यंदा न थांबता हरतोयस!

सायकली लावायच्या मांडवाशी पोचले तेव्हा नऊ सत्तेचाळीस झाले होते. पंचाने नुसती मान हलवली आणि त्यांच्या पायाचा वेळ मोजायचा पट्टा सोडवून घेतला.

कठड्यापलीकडे बायको उभी होती. तिने आधी काळे हात बघितले.

"परत?" तिचा आवाज चिरकला. "परत कुणाची तरी करत बसलात?"

"नाही गं. शपथ घेतो. कुणाच्या सायकलीला बोट लावलं नाही. माझीच तुटली."

बायकोने त्यांच्या गळ्यातली चेन उचलून उन्हात धरली. झिजलेली कडी ओळखायला तिला मिस्त्री व्हायची गरज नव्हती.

"नवीन कुठाय?"

मिस्त्री बुटाची नाडी बांधायला वाकले. ती आधीच बांधलेली होती.

तासभर ती त्यांच्या शेजारी बसून राहिली, पर्स मांडीवर घट्ट धरून. ओरडली असती तर परवडलं असतं. मग दाताचे डॉक्टर आले, गळ्यात पदक, हातात सायकल, चेहरा नुसता फुललेला.

"वहिनी, काय चेन आहे हो! लोण्यासारखी! मिस्त्री, फक्त मागे जरा टकटक येतंय, बघता का?"

मिस्त्रींचा हात आपोआप पुढे गेला. बायकोने तो तिथेच धरला.

"मी बघते," ती म्हणाली. "आडवी करा सायकल."

डॉक्टरांनी केली. बायकोने पर्समधून हत्यार काढलं, फूटपाथवर बसकण मारली आणि चेनची पिन दाबायला लागली.

"अहो वहिनी, हे काय? काढताय?"

"खोक्यावर लिहिलेलं वाचलं होतंत?"

"हो, पण मिस्त्रीच म्हणाले..."

"पैसे दिलेत?"

"ते घेईनात."

"म्हणजे विकलेली नाही. मग माझीच आहे."

"अगं, पिन तिरकी जातेय, थोडी अशी..." मिस्त्री खाली वाकले.

"हात लावायचा नाही!" ती वर न बघता म्हणाली. मिस्त्रींनी दोन्ही काळे हात काखेत घातले.

चेन निघाली. डॉक्टर पदक चाचपत उभे होते. "मग मी घरी कसा जाऊ?"

"ढकलत. ह्यांनी सहा किलोमीटर ढकलली, तुमचं घर दोनावर आहे. आणि उद्या दुकानात या, तुम्हाला दुसरी मागवून देते. विकत."

डॉक्टर गेले. बायकोने चेन पदराला पुसली, रुमालात नीट गुंडाळली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून कप्प्याची झिप लावून टाकली. हत्यार मात्र तिने हातातच धरलं.

"हे पिशवीत असतं तर?"

मिस्त्रींना खोटं बोलता आलं असतं. "दोन मिनिटांत जोडली असती," ते म्हणाले.

तिने हत्यार त्यांच्या सीटखालच्या पिशवीत टाकलं आणि पिशवीचं तोंड आवळलं.

"पुढच्या वर्षी चेन मी बसवणार. तुम्ही तेव्हा दुकानाबाहेर उभं राहायचं."

"पुढच्या वर्षी?" मिस्त्रींनी दबकत विचारलं. "तू तर म्हणाली होतीस, शब्दसुद्धा काढायचा नाही..."

"घरात काढायचा नाही म्हटलं होतं," ती म्हणाली आणि सायकलचं हँडल धरून पुढे चालायला लागली. "आता गप्प बसा आणि मागून ढकला."