आधी माझी पाठ उघडा

मित्रांनो, या घरात हल्ली मला 'जुना टीव्ही' म्हणू लागले होते, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. माझं वय अवघं सहा वर्षं. स्वयंपाकघरातला फ्रिज माझ्याहून वयाने कितीतरी मोठा, दार लावताना कण्हतो, पण त्याला कुणी जुना म्हणत नाही. ज्या वस्तूला माणसं एकाएकी जुनी म्हणू लागतात, तिला घालवायचं त्यांनी मनात ठरवलेलं असतं.

संशयी मी जन्मापासूनच. कारखान्यात माझ्या काचेमागे बारीक दिव्यांच्या पट्ट्या बसवल्या. तुम्हाला वाटत असेल, टीव्हीचं चित्र आपोआप उजळतं. तसं नाही. चित्र काचेत उमटतं, उजेड मागून या पट्ट्या देतात. मग एका तपासनिसाने मला चालू करून इतकं न्याहाळलं, की आपण काही चोरलंय की काय, असं मलाच वाटू लागलं. तेव्हापासून कुणी टक लावून बघितलं की मी सावध होतो. टीव्हीच्या जन्माला येऊन असा स्वभाव म्हणजे शिक्षाच म्हणायची.

या घरात आलो तेव्हा माझं कोण कौतुक! मुलगा, सून आणि शाळकरी नात माझ्यासमोरून हलत नसत. सर्वांत जवळची खुर्ची आजोबांची. त्यांनी उभा जन्म बॉयलरच्या धडधडाटात काढला होता, त्यात त्यांचे कान गेले. कानाचं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून ते कायम डबीत. उजव्या कानाशी मोठ्याने बोललं तर थोडंफार कळे, बाकी ते समोरच्याच्या ओठांवरून ओळखत. मालिका मात्र ते चित्राखालची अक्षरं वाचून बघत. एकही चुकवत नसत.

तरी मला ते शत्रूच वाटत. मी बंद असलो तरी माझा तांबडा दिवा लागलेला असतो. पहिल्याच दिवशी त्यांनी मुलाला विचारलं, "हा बंद आहे ना? मग डोळा कशाला उघडा ठेवलाय?" आणि रुमालाची घडी करून माझ्या दिव्यापुढे उभी केली. पुढे रोज तेच. हा म्हातारा एक दिवस मला घराबाहेर काढणार, अशी माझी खात्री झाली.

आणि एका संध्याकाळी माझा पडदा काळा पडला. आवाज ठणठणीत, चित्र गुल. मुलाने पाठीत दोन धपाटे घातले. दुसऱ्या दिवशी कारागीर आला, त्याने दारातूनच माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पॅनल गेलंय, म्हणजे अख्खी काचच. दुरुस्ती म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. नवीनच घ्या." माझी पाठ उघडण्याची तसदीसुद्धा त्याने घेतली नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

सून म्हणे, "दुसऱ्या कुणाला तरी दाखवू या." मुलगा म्हणे, "उगाच कशाला? नवीन मोठा येईल." दोघांचं एकमत होईना. तोवर माझा आवाज होताच, म्हणून ते मला रेडिओसारखं ऐकू लागले. सून भाजी निवडताना, नात वह्यांना कव्हरं घालताना. आवडती विनोदी मालिका लागली की तिघंही खो खो हसत.

आजोबा काळ्या पडद्याकडे बघत, मग हसणाऱ्यांकडे. "काय झालं रे?" ते विचारत. मुलगा हात हलवून म्हणे, "काही नाही बाबा." आजोबांचा चेहरा पडे. पुढे पुढे ते ताट घेऊन आतल्या खोलीत जाऊ लागले. खुर्ची रिकामी राहू लागली. माझ्या संशयी डोक्याने काय अर्थ काढावा? आजोबांनीच मुलाला फूस दिलीये आणि आता तोंड लपवतायत!

शेवटी मुलाने टेप आणून भिंत मोजली. रविवारी नवीन टीव्ही येणार आणि तो आणणारी माणसंच मला उचलून नेणार, असं ठरलं. माझी तर पाचावर धारण बसली.

शनिवारी दिवेलागणीला मालिका लागली. कुणी दिवा लावायला उठलं नव्हतं. तिघंही हसत असताना आतल्या दारातून आजोबा आले, हातात बॅटरी. त्यांनी कोचाखाली उजेड टाकला, खिडकीच्या पडद्यामागे टाकला, माझ्या पाठीमागे डोकावले. "काय लपवलंय तुम्ही? कळू दे मलाही!"

आणि बॅटरीचा झोत तिरका माझ्या काचेवर पडला. त्या गोल उजेडात फिकट, पण स्पष्ट, एका बाईचा चेहरा हलत होता. खाली अक्षरं होती. आजोबा काचेला नाक लावून वाचू लागले, "अहो, पाहुणे... कपाटात... बसलेत."



"हा चालू आहे?" आजोबा वळले. "तुम्ही यावर हसत होतात?"

सून उठली, त्यांच्या उजव्या कानाशी वाकली. "हो बाबा. नुसता आवाज येतोय. तुम्हाला काय वाटलं?"

"मला काय दिसतंय? काळी फळी. आणि तिच्यासमोर बसून तुम्ही तिघं हसताय." ते खुर्चीवर टेकले. "मला वाटलं, मलाच हसताय."

मुलाला मान वर करवेना. मित्रांनो, मला दिवे नव्हते म्हणून बरं, नाहीतर माझाही चेहरा दिसला असता. ज्याला मी घरभेदी समजत होतो, तो बिचारा इतके दिवस आत एकटा जेवत होता.

रविवारी माणसं नवीन टीव्हीचं खोकं घेऊन आली. आजोबा माझ्यासमोर उभे राहिले. "आधी याची पाठ उघडा. न उघडता काय गेलं ते कळतं कसं? चित्र आत आहे, मी वाचलंय."

मुलाने त्या माणसांना परत पाठवलं. दुसरा कारागीर आला, त्याने स्क्रू काढले. एक दिव्यांची पट्टी जळली होती, तिच्यापायी सगळे दिवे बंद. त्याने नव्या पट्ट्या बसवल्या आणि मी उजळलो.

मित्रांनो, संशय यायचाच. मी तरी कुठे सुटलो? पण तो मनात कुजवू नका. बॅटरी घ्या, पाठ उघडा, विचारा. आणि शेजारी कुणी काळ्या पडद्यासमोर बसलं असेल, तर आपण कशाला हसतोय ते त्याला आधी सांगा.

माझी अक्षरं आवाजाच्या जराशी मागून येतात. त्यामुळे आजोबांना विनोद उशिरा कळतो. पूर्वी तोवर बाकीच्यांचं हसून झालेलं असे. हल्ली तिघंही ओठ दाबून त्यांच्याकडे बघत थांबतात. आजोबा वाचतात, फस्सकन हसतात, आणि मग सगळं घर हसतं.

झोपायला जाताना ते माझ्या दिव्यापुढे रुमाल मात्र अजून ठेवतात.