आकाशी भात

मास्तर लोकांना गाडी चालवायला शिकवत. सतरा वर्षं ते शिकाऊ माणसाच्या शेजारी बसले, विजेचे खांब आणि भाजीच्या गाड्या थोडक्यात वाचवल्या, पण आवाज कधी चढवला नाही. ओरडलं की शिकणारा घाबरतो आणि नेमका नको तिथे पाय देतो, हा त्यांचा अनुभव. त्यामुळे गाडी फुटपाथवर चढली तरी ते म्हणत, "छान! आता फक्त रस्त्यावर राहायचा प्रयत्न करू."

त्यांच्या दोन खोल्यांत एक नवा भाडेकरू आला. रंगांच्या कारखान्यात शेड जुळवायचं काम करायचा, म्हणून सगळे त्याला रंगारी म्हणत. कुणी जुन्या दाराचा टवका आणून दिला तर तस्साच रंग तो तासाभरात तयार करून द्यायचा. स्वयंपाक रंगारीने करायचा आणि भांडी मास्तरांनी घासायची, असं पहिल्याच दिवशी ठरलं. मास्तरांना फक्त अंडी उकडता यायची, तीही निम्मी फुटायची.

त्या संध्याकाळी रंगारीने भोपळ्याचं सूप केलं. पांढऱ्या बशीत चमचाभर घेऊन तो खिडकीपाशी उभा राहिला.

"काय पाहतोस?" मास्तरांनी विचारलं.

"आधी फिकं आलं, म्हणून गाजर घातलं. मग फार लालसर गेलं, तर ते मारायला थोडा पालक."

"मारायला?"

"लाली मारायला. आता कसं, बरोब्बर जमलंय!"

मास्तरांनी घोट घेतला. ओलं गोणपाट कधी चाखलं नव्हतं, पण ते असंच लागत असावं असं त्यांना वाटलं. समोर रंगारी डोळे मोठे करून उभा. मास्तरांची जीभ सतरा वर्षांच्या सवयीने आपोआप वळली.

"छान! सुरुवात छान आहे."

झालं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रंगारीला हुरूप आला. बीटात बुडवलेले गुलाबी नूडल्स झाले, हिरवं ऑम्लेट झालं, हळद आणि कॉफी मिसळून 'जुन्या सागवानी' रंगाचे बटाटे झाले. रंगारी स्वतः ताटाकडे कौतुकाने बघत सगळं फस्त करायचा. मास्तर रोज "छान" म्हणायचे आणि कामावरून परतताना कोपऱ्यावर गुपचूप दोन केळी खायचे. तीन महिन्यांत त्यांचा पट्टा दोन भोकं आत गेला.

आणि मग एका रविवारी दुपारी मास्तरांची ताई जेवायला यायची ठरली. ताई इस्पितळात मुख्य परिचारिका होती. तिच्यापुढे डॉक्टरसुद्धा जपून खोकत.

"आपण बाहेरून मागवू या का?" मास्तरांनी सुचवून पाहिलं.

"छे हो! तुम्हीच म्हणता ना, माझा हात चांगला बसलाय."

मास्तरांचीच वाक्यं त्यांच्या गळ्यात पडली होती.

रविवारी टेबलावर निळा भात आला. अगदी स्वच्छ, उन्हातल्या आभाळासारखा.

"जांभळा कोबी उकळला आणि त्या पाण्यात खाण्याचा सोडा टाकला," रंगारी अभिमानाने म्हणाला. "सोडा पडला की ते निळं होतं. मी तीन चमचे टाकला."

ताईने एक घास घेतला, शांतपणे चावला, शांतपणे गिळला आणि चमचा खाली ठेवला.

"हा साबण आहे," ती म्हणाली.

"ताई..." मास्तर कळवळले.

"तू गप्प बस." ती रंगारीकडे वळली. "काय रे, हे तू चाखलंस?"

"रोज मी पण हेच जेवतो, ताई. मला तर बरं लागतं."

"डोळ्यांनी जेवतोस तू. डोळे मीट. मीट म्हणते ना! आता आ कर."

रंगारीने निमूटपणे घास घेतला. दोन वेळा चावला. मग उठला आणि बेसिनकडे धावला.

परत आला तेव्हा तो ताईकडे नाही, मास्तरांकडे बघत होता. "ताईंनी एका घासात सांगितलं. तुम्ही तीन महिने खोटं बोललात."

त्यानंतर आठवडाभर घरात पाव आणि लोणी. रंगारी स्वयंपाकघरात फिरकेना. मास्तर दोन बशा घासून चुकल्यासारखे उभे राहत. शेवटी शनिवारी त्यांना राहवेना.

"तू ओट्यापाशी काहीतरी ढवळत असायचास," ते भांड्यांकडे बघत म्हणाले. "इतकी वर्षं मी घरी आलो की आधी दिवा लावायचो. आता कुणीतरी विचारायचं, भूक लागली का म्हणून. ते बंद पडू नये म्हणून म्हणत होतो छान."

रंगारीने पावाचा पुडा बाजूला सारला. मग म्हणाला, "पुन्हा करीन. पण बिघडलं तर बिघडलं म्हणायचं. आत्ता म्हणून दाखवा."

"बि... थोडं वेगळं झालंय."

"मास्तर!"

"बरं बरं, शिकतो."

दुसऱ्या दिवशी रंगारीने डोळ्यांवर टॉवेल बांधला. रंग दिसलाच नाही तर हात मोहात पडणार नाही, असं त्याचं म्हणणं. मास्तर शेजारी उभे राहिले.

"कांदा परतलास, छान. आता मशरूम. हात थोडा डावीकडे. हळू, कढई तापली आहे. आता बटाटे सोड. घाई नाही, मागून कुणी हॉर्न देत नाहीये."

रंगारी चाखत होता, थांबत होता, पुन्हा चाखत होता. "मिरपूड हवी," म्हणत त्याने हात लांबवला आणि डब्याचं झाकण काढलं. तो डबा भांडी घासायच्या पावडरीचा होता.

"थांब!!!"

काचा थरथरल्या. रंगारीच्या हातून डबा जमिनीवर पडला. खालच्या मजल्यावर किल्ल्या बनवणारा राहायचा, तो हातात कानस घेऊन धावत वर आला. "कोण ओरडलं? चोर आहे का?"

"मी ओरडलो," मास्तर म्हणाले. त्यांना स्वतःलाच ते खरं वाटेना.

रंगारीने टॉवेल सोडून कढईत पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा रंग होता तो. "कारखान्यात असा रंग निघाला असता तर साहेबांनी मला हाकललं असतं."

तरीही तिघं जेवायला बसले. किल्लीवाल्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मास्तरांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"रंगारी," ते म्हणाले, "मीठ जास्त झालंय."

रंगारीने चमचा खाली ठेवला. त्याचा चेहरा इतका उजळला की किल्लीवाला खाता खाता थांबून बघू लागला.

"किती जास्त?"

"बरंच."

"आणि बाकी?"

"बाकी बोलायला वेळ नाही," मास्तर म्हणाले आणि कढई जवळ ओढली.