बर्लच्या दगडाची मागची बाजू

क्लेटनच्या राखेचा डबा डीप फ्रीजरवर होता, बापाच्या घडी घातलेल्या झेंड्याशेजारी, आणि तो तिथून हलणार नव्हता. ओपल स्टिडमनं हे चर्चमधल्या बायकांना सांगून झालं होतं, पाद्रीबाबांना सांगून झालं होतं. पोटच्या पोरीला, डीनाला, मात्र दर रविवारी जेवताना नव्यानं सांगावं लागायचं.

"आई, अगं चर्चमागे जागा आहे. आजी आहे तिथे, मामा आहे. किती दिवस त्याला मटारच्या पिशव्यांवर ठेवणार तू?"

"मटार आत असतात, तो वर आहे," ओपल म्हणाली. "आणि तो बापाजवळ जाणार. बीन्स घे अजून, मक्याचा पावही उरलाय."

आता बाप, म्हणजे ओपलचा नवरा बर्ल, होता टेकडीवरच्या सैनिकांच्या दफनभूमीत. बर्ल व्हिएतनामला जाऊन आला, मग आयुष्यभर खाणीत उतरला आणि छातीत कोळसा भरून मेला. त्याला पांढरा दगड मिळाला, बंदुकांची सलामी मिळाली, झेंडा मिळाला. दगडाची मागची बाजू कोरी ठेवली होती, ती ओपलसाठी. बायकोला नवऱ्याच्याच खड्ड्यात जागा, तसा नियमच आहे. पोराला मात्र स्वतःच्या नोकरीवर जागा मिळवावी लागते. क्लेटननं नोकरी केली होती की, दोनदा अफगाणिस्तानात ट्रक चालवला होता. पण फौजेतून काढताना त्याच्या कागदावर जो शेरा मारला, त्यात 'सन्मानाने' हा शब्द नव्हता. त्या एका शब्दावाचून टेकडीचं फाटक उघडत नव्हतं, आणि तोच शेरा बदलून घ्यायला ओपल हात धुऊन मागे लागली होती.

लपवाछपवी तिच्या स्वभावातच नव्हती. दुकानात कुणी हळू आवाजात विचारलं, "क्लेटनला काय झालं होतं हो?" की ती रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायची, "गोळ्यांनी गेला. रस्त्यात पेरलेल्या बॉम्बनं ट्रक उडाला, पाठ मोडली, फौजेच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. मग एक दिवस बंद केल्या. पाठ काही बंद झाली नाही." विचारणारी बाई अंड्यांचं खोकं उचलून काढता पाय घ्यायची.

तिची वकील शहरातली होती, नेओमी ब्रॅन्ट नावाची तरुण मुलगी. फी घेत नव्हती आणि बोलताना घड्याळाकडे बघत नव्हती, म्हणून ओपलला ती आवडायची. पण तिचे सल्ले आवडायचे नाहीत.

"मिसेस स्टिडम, शेरा बदलणाऱ्या मंडळाला पश्चात्ताप दिसला की बरं पडतं," नेओमी म्हणाली. "त्याच्या वतीनं दोन शब्द माफीचे बोला. आणि युद्धानं त्याचं मन खचलं होतं, हे सांगा."

"मन नव्हतं खचलं. पाठ मोडली होती."

"बरं. मग दुसरी वाट एकच. तो आपणहून सार्जंटकडे मदत मागायला गेला होता, असं तुम्ही म्हणता. पण ते तुम्ही म्हणता. त्या सार्जंटनं म्हटलं तर वजन पडेल."

सार्जंटचं नाव हॅस्केल प्रुइट. निवृत्त होऊन डोंगरापलीकडे शिकारी कुत्री पाळून राहिला होता. नेओमीनं त्याला दोनदा फोन केला, त्यानं दोन्ही वेळा पुरतं ऐकूनही घेतलं नाही, ताकास तूर लागू दिली नाही. ओपलनं फोनबिन केला नाही. तिनं डबा उचलला, ट्रकमध्ये शेजारच्या सीटवर ठेवला, त्याला पट्टा बांधला आणि निघाली.

प्रुइट अंगणात पाण्याची नळी धरून कुत्र्यांचे पिंजरे धूत होता. उंच, वाळका, ताठ माणूस.

"कोण हवंय, बाई?"

"मी क्लेटन स्टिडमची आई."

त्याच्या चेहऱ्यावर ओळख आली आणि लगेच सावधपणाही. "कसा आहे तो?"

"गाडीत आहे," ओपल म्हणाली.

प्रुइटनं ट्रककडे पाहिलं. पट्टा बांधलेला डबा त्याला दिसला. त्यानं नळी खाली टाकली आणि डोक्यावरची टोपी काढली. पाणी तसंच वाहत राहिलं, मग ओपलनंच जाऊन नळ बंद केला.

व्हरांड्यात त्यानं कॉफी आणून दिली. ती तिनं घेतली, कारण घाट चढून आली होती. घेतली म्हणून काही ती मऊ होणार नव्हती.

"मी नियमानं वागलो, बाई," तो म्हणाला.

"ते मी विचारलंच नाही. तो स्वतःच्या पायांनी तुमच्याकडे आला होता का, एवढंच विचारतेय."

प्रुइटनं उठून तिच्या कपात अजून कॉफी ओतली. ओपललाही कुठं जायचं नव्हतं.

"आला होता," तो शेवटी म्हणाला. "म्हणाला, सार्जंट, मला गोळ्या सुटत नाहीयेत. विकत घेतोय आता. मदत करा. मी म्हटलं, बरं केलंस सांगितलंस, जा, झोप." त्यानं कप खाली ठेवला. "बाई, तो थेट दवाखान्यात गेला असता ना, तर कुणी त्याच्या केसाला धक्का लावला नसता. जो आपणहून उपचाराला जातो त्याला तेवढ्यासाठी काढत नाहीत. आधी डॉक्टरला सांगायचं होतं. तो आधी माझ्याकडे आला."

"का आला?"

"म्हणजे?"

"डॉक्टर सोडून तुमच्याकडे का आला? कुणी शिकवलं त्याला तसं?"

प्रुइटनं टोपी दोन्ही हातांत फिरवली. "मीच. पहिल्या दिवसापासून तेच तर शिकवतो आम्ही. पाय मुरगळो, बायको पळून जावो, घर जळो. आधी आपल्या सार्जंटला सांगायचं."

"म्हणजे पोरानं शिकवलेलंच केलं. आणि सकाळी तुम्ही त्याच्या हातात लघवीची बाटली दिलीत."

"मी नाही दिली. मी कॅप्टनला सांगितलं. कॅप्टन म्हणाला, ठीक आहे, सकाळी सगळ्या कंपनीची लघवी तपासू. त्यात तो सापडला." त्यानं ट्रककडे पाहिलं. "मीसुद्धा आधी वरच्यालाच सांगितलं, बाई. दवाखाना रस्त्याच्या पलीकडे होता. त्याचा दंड धरून नेलं असतं तरी झालं असतं. मला ते सुचलंच नाही. देवाशपथ, सुचलं नाही."

ओपल त्याला फाडून खायला आली होती. किती वर्षं मनात त्याची शिंगं रंगवली होती तिनं. आणि समोर हा माणूस बसला होता, तिच्या पोरासारखाच, सांगितलेलं ऐकणारा. तिला त्याचा राग आला, आणि राग पुरत नाही म्हणून अजून राग आला.

"मग हेच त्यांना येऊन सांगा," ती म्हणाली.

"मला लाज वाटते, बाई."

"वाटू द्या. माझ्या पोराला त्याच्या मरणापर्यंत वाटली. तुम्ही एक दुपार काढा."

तो येतो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. तिनं कप धुऊन ठेवला आणि निघाली.

सुनावणी पडद्यावर होती. गावच्या वाचनालयातली मागची खोली, टेबलावर नेओमीचा संगणक, आणि त्यात गणवेशातले अधिकारी ओळीनं बसलेले. ओपलनं चर्चचा निळा ड्रेस घातला होता. डबा मांडीवर होता. नेओमीनं नजरेनं विचारलं, हे बरं दिसेल का? ओपलनं नजरेनंच उत्तर दिलं, मग नेओमी पुन्हा तिकडे बघायला गेली नाही.

मधोमध बसलेला कर्नल सभ्य होता, हे मान्य करायला हवं. गोड बोलला, पोराच्या मृत्यूचं दुःख व्यक्त केलं. मग विचारलं, "मिसेस स्टिडम, तुमच्या मुलाला आपल्या वर्तनाचा पश्चात्ताप होता का?"

"गोळ्या घेतल्याचा होता," ओपल म्हणाली. "तुम्हाला सांगितल्याचा जास्त होता."

पडद्यावर कुणीतरी खाकरलं. नेओमीनं टेबलाखालून तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. ओपलनं तो हळूच बाजूला केला.

"मला माफी मागायला सांगितलंय. मी मागणार नाही. त्यानं चूक केली, मग येऊन चूक सांगितली. तुम्ही मदत मागणाऱ्याला पकडलं आणि न मागणाऱ्यांना ठेवून घेतलं. त्या कंपनीत तो एकटाच गोळ्या खात होता असं तुम्हाला खरंच वाटतं? तो फक्त एकटाच बोलला."

"मॅडम, त्यानं कुणाला सांगितलं याची नोंद—"

"नोंद इथे आहे," मागून आवाज आला.

प्रुइट दारात उभा होता. कोट, टाय, आणि दाढी करताना कापलेली हनुवटी. नेओमी इतक्या घाईनं उठली की तिची खुर्ची पडली. त्याला पडद्यासमोर बसवलं, शपथ दिली. व्हरांड्यात सांगितलं होतं तेच त्यानं सांगितलं, कॅप्टनसकट, स्वतःसकट, काही गाळलं नाही.

"तुम्ही त्याला दवाखान्यात का पाठवलं नाही?" कर्नलनं विचारलं.

"सर, कारण तुम्ही मला जसं घडवलं, तसा मी होतो. त्यालाही मी तसंच घडवलं," प्रुइट म्हणाला. "त्यानं त्याचं काम केलं. मी माझं केलं नाही. कुणाच्या कागदावर वाईट शेरा हवाच असेल तर माझ्या कागदावर मारा."

ओपलनं तेव्हा पहिल्यांदा डबा टेबलावर ठेवला. हात अवघडले होते.

उत्तर यायला उन्हाळा संपला. नेओमीचा फोन आला तेव्हा ओपल टोमॅटो बरण्यांत भरत होती. नेओमी आधी रडली आणि मग बोलली, त्यामुळे काय ते ओपलला आधीच कळलं. वाटाण्याच्या अक्षता. सार्जंटची साक्ष विचारात घेतली, म्हणे. पण आपणहून सांगण्याच्या आधीच त्यानं गोळ्या विकत घेतल्या होत्या, आणि गुन्हा तो.

"म्हणजे सांगायच्या आधी जे सांगायचं ते केलेलं नको," ओपल म्हणाली. "मग माणसानं सांगायचं तरी काय?"

"वरचं एक मंडळ आहे, तिथे जाता येतं," नेओमी नाक पुसत म्हणाली. "पण वेळ लागेल. कदाचित खूप."

"जाऊ. तू रडू नकोस, तुझ्यावर माझा राग नाही. कागद तयार कर."

संध्याकाळी प्रुइटचा फोन आला. बातमी ऐकून त्यानं विचारलं, मी काही करू शकतो का. ओपल म्हणाली, "उद्या गाडी घेऊन या. मला बर्लकडे जायचंय." डीनालाही तिनं बोलावून घेतलं.

टेकडीवर वारा होता. पांढऱ्या दगडांच्या रांगा, सगळे एका उंचीचे. ओपल डबा काखेत धरून बर्लच्या दगडापाशी गेली, मागे वळसा घालून कोऱ्या बाजूवरून तळहात फिरवला. थोड्या अंतरावर इथला म्हातारा राखणदार गवत कापत होता. तिनं त्याला हाक मारली.

"मी या बर्ल स्टिडमची बायको. माझी वेळ येईल तेव्हा मी राख होऊन आले तर चालतं का?"

"चालतं की, बाई. बऱ्याच जणी तशाच येतात."

"आणि डबा कुणी उघडून बघतं?"

राखणदारानं तिच्या काखेकडे पाहिलं. मग शेजारी टोपी काढून उभ्या असलेल्या प्रुइटकडे पाहिलं. "आम्ही नाव बघतो, बाई," तो म्हणाला. "आत नाही बघत." आणि तो मशीन ढकलत दुसऱ्या रांगेला गेला, तिकडचं गवत कापलेलं होतं तरी.

डीनाच्या लक्षात यायला क्षणभर लागला. "आई. तुला तर जाळून घ्यायची भीती वाटते. लहानपणापासून सांगतेस, मला पेटीत ठेवा, अख्खी ठेवा."

"वाटते," ओपल म्हणाली. "अजूनही वाटते. पण पेटीत दोघं मावत नाहीत."

डीना तोंडावर हात ठेवून रडायला लागली. ओपलनं तिला रडू दिलं आणि मग कामाचं बोलणं काढलं.

"ऐक नीट. मी अर्ज करणार. वरच्या मंडळाकडे, त्याच्यावर कुणी असेल तर त्याच्याकडे. माझी तब्येत ठणठणीत आहे, त्यांना माझ्या मरणापर्यंत मुदत आहे. तेवढ्यात त्यांनी तो शब्द दिला, तर क्लेटन या फाटकातून उजळ माथ्यानं येईल, त्याचा स्वतःचा दगड, स्वतःचं नाव. नाही दिला, तर माझ्याबरोबर येईल. एका डब्यात. नीट मिसळ, म्हणजे कुणाला वेगळं करता येणार नाही."

"हे नियमात बसत नाही, आई."

"तोही नियमातच बसत नव्हता. बसवू त्याला."

मग ती प्रुइटकडे वळली. तो ताठ उभा होता, पण हातातली टोपी चुरगाळली होती.

"सार्जंट, तुम्ही त्या दिवशी गणवेशात यायचं. माझ्यासारख्या बाईला सलामी मिळत नसते, माहीत आहे मला. बंदुका नकोत. तुम्ही एकटेच दगडासमोर उभे राहा आणि सलाम ठोका. लोकांना वाटेल म्हातारा बर्लला करतोय. तुम्हाला माहीत असेल कुणाला करताय."

"येईन, बाई."

"आणि एक," ओपल म्हणाली. "या वेळी वरच्या कुणाला आधी सांगू नका."

प्रुइटनं मान हलवली. त्यानं टोपी डोक्यावर ठेवली, दोन्ही हात पुढे केले, आणि ओपलनं पहिल्यांदाच डबा दुसऱ्या कुणाच्या हातात दिला. तो त्यानं उतारावरून गाडीपर्यंत नेला, सीटवर ठेवला आणि पट्टा बांधला.