आरशात दिसेल असं उभं राहा

फिरती घरं मुक्कामाला लावायच्या कुठल्याही कॅम्पग्राउंडवर पोचली की लॉरेटा आधी कचेरीत जात नसे. आधी धुण्याच्या खोलीत जाई.

"ऑफिसातली बाई गोडच बोलणार, तिला त्याचाच पगार मिळतो," ती म्हणे. "खरं काय ते वॉशिंग मशीन सांगतं."

म्हणजे असं, की कुणी आपले कपडे मशीनमध्ये विसरून गेलं असेल, तर पुढच्या माणसाने ते काढून काय केलेत ते बघायचं. बोळा करून फेकले असतील, तर तिथून काढता पाय घ्यायचा. घड्या घालून ठेवले असतील, तर खुशाल मुक्काम टाकायचा. अडीअडचणीला दार वाजवलं तर उठणारं माणूस त्या वस्तीत असतं.

कोरीनला आईचं हे शास्त्र लहानपणापासून पाठ होतं. पण आता तीन महिन्यांच्या लेकीला, मेवीसला, छातीशी बांधून आईच्या मागे मागे हिंडताना तिला ते नव्याने दिसत होतं. पासष्टीची बाई. वर्षापूर्वी नवरा गेला, तर हिने दोघांचं बसएवढं मोटरहोम विकलं नाही. ॲरिझोनापासून शिकागोला कोरीनच्या दारापर्यंत एकटीने हाकत आणलं, वाटेत वाळूचं वादळ लागलं तर रस्त्याकडेला थांबून पॅनकेक करून खाल्ले म्हणे. इकडे कोरीनला स्वतःची चिमुकली गाडी मॉलच्या पार्किंगमधून काढताना घाम फुटतो.

कोरीनच्या सोसायटीत चाकांवरचं घर दारात उभं करू देत नाहीत. दुसऱ्या रात्रीपर्यंत शेजारी कसेबसे दम धरतात, मग चिठ्ठ्या यायला लागतात. लॉरेटा शुक्रवारी आली होती, म्हणजे आज रविवारी गाडी हलवायलाच हवी होती. जवळपास जागा पसंत पडली तर ती थंडी पडेपर्यंत राहणार, मेवीसला सांभाळणार, कोरीन सोमवारपासून कामावर परतणार. नाही पडली, तर आर्कन्सॉला आपल्या भावाकडे जाणार.

"जशी तुझी मर्जी," कोरीन म्हणाली होती. 'राहा ना गं' एवढंच म्हणायचं राहून जात होतं. पहाटे मेवीस रडून रडून लाल होई तेव्हा कोरीनला एकच वाटे, की आईने यावं आणि नुसतं शेजारी बसावं. पण वर्षभर एकटीने सगळं निभावलेल्या आईला हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

शनिवारी दोघींनी तीन जागा पाहिल्या. नदीकाठच्या जागेवर लॉरेटा म्हणाली, "डास." तळ्याकाठच्या जागेवर म्हणाली, "बेडूक झोपू द्यायचे नाहीत." तिसरी जागा तासाभरावर, हायवेला खेटून, ट्रकांची घरघर चोवीस तास. तिथे मात्र म्हणाली, "ही बरी आहे."

"बेडूक नकोत, ट्रक चालतील?"

"ट्रक निघून जातात," लॉरेटा म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

तासभर जायला, तासभर यायला. कोरीनने मनातल्या मनात हिशेब केला आणि आई जवळजवळ गेलीच असं धरलं.

आजची चौथी जागा शेवटची. लॉरेटा मोटरहोम घेऊनच निघाली होती. इथे नाही जमलं तर परस्पर पुढे जायचं होतं. कोरीन तिच्या मागोमाग आपल्या गाडीतून आली. जुन्या ओकच्या झाडांमधलं सरकारी कॅम्पग्राउंड, कोरीनच्या घरापासून दहा मिनिटांवर. धुण्याच्या खोलीत कुणा पोराचा विसरलेला पायजमा घडी घालून ठेवलेला होता, आणि एकुलता एक मोजा चिमट्याने दोरीला टांगलेला. लॉरेटाने तो मोजा बोटाने हलवून बघितला. "सभ्य लोक," ती म्हणाली. नळाचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. "गोड आहे." कोरीनच्या जिवात जीव आला.

मग दोघी मोकळ्या जागा बघायला वळणावर आल्या आणि लॉरेटाचा चेहरा उतरला.

"झाडं फार आहेत," ती म्हणाली.

कोरीनने पाहिलं. झाडं होती, पण एकाही जागेवर फांदी खाली आली नव्हती. प्रत्येक जागा मात्र खिशासारखी होती, एकाच बाजूने उघडी. गाडी उलटी नेऊन लावायची. हायवेकडची ती जागा आरपार होती. एका टोकाने शिरा, दुसऱ्या टोकाने निघा. आणि काल नाकारलेल्या दोन्ही जागा? त्याही खिशासारख्याच.

"आई, तुला गाडी मागे घेता येत नाही का?"

"येत नाही काय! चाळीस वर्षं..."

"चाळीस वर्षं तू मागे उभी राहून हात दाखवायचीस. चालवायचे बाबा."

लॉरेटाने समोरच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. मग म्हणाली, "पुढचं दिसतं गं. कितीही लांब जाईन मी पुढे. पण मागे यायचं तर कुणीतरी उभं लागतं."

"मी आहे की!"

"तू? शाळेत असताना हात दाखवून तुझ्या बाबांना पाण्याच्या नळावर घातलं होतंस. कारंजं उडालं होतं."

"तेव्हा मी एका पोराकडे बघत होते. आता नाही बघत." कोरीनने मेवीसच्या डोक्यावर हात ठेवला, आणि राहून गेलेले ते शब्द कसे कोण जाणे, बाहेर आले. "राहा ना गं, आई."

लॉरेटाने तिच्याकडे टक लावून बघितलं. "मग आरशात दिसेल असं उभं राहा," ती म्हणाली आणि किल्ली घेऊन गाडीत चढली. "तू दिसलीस तर मी चालेन. नाही दिसलीस तर थांबेन. बाकी काही नाही."

नवी गाडी लागताना बघणं ही कॅम्पग्राउंडवरची संध्याकाळची करमणूक. नवरा खिडकीतून खेकसतो, बायको मागून हातवारे करते, आणि अर्धी लग्नं तिथेच मोडायला येतात. समोरच्या जागेवरच्या गस नावाच्या दांडग्या म्हाताऱ्याने खुर्ची वळवून घेतलीच होती.

"बाई, किल्ली द्या इकडे!" तो ओरडला. "एका दमात लावून देतो."

"तुमचीच वाकडी लागलीय," लॉरेटा खिडकीतून म्हणाली. "ती सरळ करा आधी."

गसची बायको खो खो हसली. "मी काय सांगत होते तुम्हाला?"

"शू," कोरीन म्हणाली. मेवीस नुकती झोपली होती. ओरडायची सोय नव्हती, होते ते फक्त हात.

तिने दोन्ही तळवे आपल्याकडे ओढले. ये. गाडीची पाठ हळूहळू वळली. फार वळली. कोरीनने मुठी एकमेकींवर आडव्या धरल्या. थांब. लॉरेटा पुढे गेली आणि पुन्हा मागे आली. या खेपेला दुसऱ्या बाजूचा विजेचा खांब जवळ वाटला म्हणून कोरीन बघायला पलीकडे गेली, आणि एकदम चाकांचा आवाज थांबला.

गाडी थांबली होती. हॉर्न नाही, हाक नाही, काही नाही. ती पुन्हा आरशात येईपर्यंत ते अजस्र धूड इंजिन घुमवत जागच्या जागी उभं राहणार होतं. एवढी मोठी बाई आपल्या भरवशावर उभी आहे, कोरीनच्या मनात आलं, आणि तिचे डोळे भरले. ती धावतच पुन्हा आरशासमोर आली. आरशात आईचा चेहरा होता, ओठ घट्ट मिटलेले, नजर हिच्यावर. कोरीनने तळवे ओढले. ये. अजून ये. अजून. बस.

इंजिन बंद झालं. खांबाला धक्का नाही, जागेवरच्या लाकडी टेबलाला नाही, गाडी सुतासारखी सरळ.

"काहीच धडकलं नाही," गस हिरमुसून म्हणाला आणि टाळ्या वाजवायला लागला.

मेवीस जागी होऊन रडू लागली. लॉरेटा खाली उतरली, तिने चाकांना ठोकळे लावले आणि गाडीच्या पोटातला कप्पा उघडून घडीची खुर्ची काढली. मग आत वाकून दुसरीही काढली. वर्षभर ती उघडली नव्हती. झटकली तेव्हा तिच्यातून पाइनची वाळकी पानं पडली.

"बस," ती म्हणाली आणि हात पुढे केले. "दे तिला इकडे. आणि उद्या कामाला जाताना मोजे आण तिचे, इथे संध्याकाळी गारठतं."