आबांच्या आठवणीसाठी छापलेल्या रहस्यकथा

मित्रांनो, जरा जवळ या, माझा आवाज फार मोठा नाही. मी रहस्यकथांचा एक जुना संग्रह आहे. माझे कोपरे दुमडलेत, पाठीवरची अक्षरं पुसट झालीत आणि आतल्या एका कथेपाशी माझी शिवण सैल पडली आहे. ती कशी सैल पडली, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

मी जन्मलो तो एका माणसाच्या जाण्यामुळे. त्यांना सगळे आबा म्हणत. कोपऱ्यावर त्यांचं पुस्तकांचं दुकान होतं. अरुंद, लांबट, छतापर्यंत फळ्या आणि वर चढायला लाकडी शिडी. रहस्यकथांवर आबांचा भारी जीव. गिऱ्हाइकाने विचारलं, "आबा, शेवटी खुनी कोण निघतो हो?" की ते गंभीर चेहऱ्याने म्हणत, "मीच. पण कुणाला सांगू नका." पोरं स्टुलावर बसून पुस्तकं फुकट वाचत, तर आबा त्यांना हुसकून लावण्याऐवजी दिवा लावून देत.

एका दुपारी त्यांची लेक जेवून दुकानात परतली, तेव्हा आबा शिडीखाली निपचित पडले होते. शिडीची एक पायरी कधीपासून डुगडुगत होती. "सुताराला बोलावते," असं लेक रोज म्हणायची आणि रोज राहून जायचं. लोक तिला एका शब्दाने बोलले नाहीत, पण तिचं मन तिला खात राहिलं. तिने शिडीवर चढणंच सोडलं. वरच्या फळ्यांवर धूळ साचत गेली.

आबांच्या ओळखीच्या लेखकांनी मग ठरवलं, की त्यांच्या आठवणीसाठी रहस्यकथांचं पुस्तक काढायचं. कुणी मानधन घ्यायचं नाही. विक्रीतून जे येईल त्यातून इस्पितळातल्या मुलांच्या वॉर्डात वाचनाची खोली करायची. म्हणून मी छापला गेलो.

छापखान्यात शिवणीला बसलेल्या बाइंडरने एक फर्मा, म्हणजे छापून घडी घातलेल्या पानांचा गठ्ठा, हातात घेतला आणि पटकन खाली ठेवला.

"हा एवढाच गार का लागतोय?" तो शेजारच्याला म्हणाला.

"पंख्याखाली राहिला असेल."

"पंखा बंद आहे."

बाइंडरने तो फर्मा शिवला, पण हात पुसून घेतले. मला मात्र तेव्हाच समजलं होतं. माझ्यातल्या बाकीच्या कथा रचलेल्या होत्या, हलक्या होत्या. ही एकच जड होती. ती रचलेली नव्हती. पण सांगणार कसं? पुस्तकाला अक्षरं असतात, तोंड नसतं.

लेकीने माझ्या जोडीची पुस्तकं विकायला ठेवली आणि मला गिऱ्हाइकांना चाळायला म्हणून काउंटरवर ठेवलं. तिने स्वतः आतली एकही कथा वाचली नव्हती. तिला वाचवतच नव्हतं.

तिथेच ते सुरू झालं. भर दुपारी, दुकान रिकामं असताना माझं मुखपृष्ठ हळूच उचललं जाई. मी उघडत नव्हतो मित्रांनो, मला कुणीतरी उघडत होतं. कोरड्या बोटांचा स्पर्श होई. पानं चाळली जात आणि प्रत्येक वेळी त्याच गार पानाशी थांबत. लेक मला मिटायची, तर मी परत उघडा. तिने माझ्यावर पितळी वजन ठेवलं. ती वळली आणि वजन जमिनीवर गडगडलं. तिने खिडकीकडे पाहिलं. खिडकी बंद होती.

"बाबा?" ती अगदी हळू म्हणाली.

मग स्टूल ओढून ती वाचायला बसली.

कथा एका घड्याळजीची होती. एक कारागीर स्वतः बनवलेलं घड्याळ त्याला दाखवायला आणतो. शिडीवर चढलेला घड्याळजी म्हणतो, "हे काही चालायचं नाही बाबा." कारागीर संतापून शिडीला लाथ मारतो आणि घड्याळजी कोसळतो. पळण्याआधी कारागीर त्याचा जमिनीवर पडलेला चष्मा उचलतो, त्याच्या काड्या मिटतो आणि छातीवर ठेवून जातो.

लेकीचं बोट त्या ओळीवर थिजलं. आबांचा चष्मा तिला असाच काड्या मिटलेला, खालच्या फळीवर सापडला होता. शिडीवरून पडणारा माणूस चष्म्याच्या काड्या मिटून पडत नाही. पण त्या धावपळीत तिने तो उचलून खणात टाकला होता आणि कुणापाशी बोलली नव्हती.

मदतीचा धनादेश द्यायचा कार्यक्रम दुकानातच झाला. वॉर्डातल्या सिस्टर आल्या, लेखक आले. ती कथा लिहिणाराही आला. आबांबद्दल तो छान बोलला. दोघा-तिघांनी डोळे पुसले. लोक पांगल्यावर, सिस्टर तेवढ्या मागे राहिल्या असताना, त्याने सही करायला मला हातात घेतलं आणि मी त्याच्या तळहातावर त्याच पानाशी उघडलो. त्याने मिटायला जोर लावला. माझी शिवण तेव्हा करकरली. पण मी मिटलो नाही.

"दादा," लेक म्हणाली, "कथेतल्या माणसाने चष्मा छातीवर ठेवला. तुम्ही तर खालच्या फळीवर ठेवलात."

"छातीवर ठेवायला हातच धजला नाही," तो म्हणाला.

आणि मग आपण काय बोललो ते त्यालाच ऐकू आलं.

तो पळाला नाही. पोरं बसायची त्या स्टुलावर मटकन बसला.

"शिडीची पायरी..." लेक शिडीकडे वळली. "ती निसटली होती का?"

"नाही गं ताई. पायरीला काहीच झालं नव्हतं. ते म्हणाले, तुझी कादंबरी काही वाचवत नाही रे, परत लिही. हसून म्हणाले. आणि मी लाथ मारली." त्याने तोंड झाकून घेतलं. "लिहून टाकलं की सुटेन वाटलं होतं. नाही सुटलो."

सिस्टर आणि लेक त्याला घेऊन पोलिसांकडे गेल्या. पुढे खटला चालला, त्याला शिक्षा झाली. दुसऱ्या आवृत्तीतून ती कथा वगळली. मुलांच्या वॉर्डातली खोली मात्र झाली. माझी कितीतरी भावंडं तिथे आहेत. आणि लेक शिडीवर चढून वरच्या फळ्या पुसू लागली.

मला वाटलं, झालं, संपलं. पण एका संध्याकाळी एक म्हातारी बाई भिंतीला धरत दुकानात आली.

"माझ्या लेकाची, ती घड्याळजीची गोष्ट जुन्या पुस्तकात आहे म्हणे. मला दिसत नाही गं. वाचून दाखवशील?"

आबांच्या लेकीचा हात माझ्यावर तसाच राहिला. "आजी, यात पुष्कळ गोष्टी आहेत. दुसरी एखादी वाचू?"

"त्याचीच वाच. मी नाही ऐकली तर कोण ऐकणार?"

लेकीने वाचली. चष्म्याच्या ओळीपाशी ती थांबली. आजीने चाचपडत तिचं मनगट धरलं. मग तिने पुढे वाचलं, शेवटच्या शब्दापर्यंत. ऐकणारे मी आणि आजी, आम्ही दोघंच नव्हतो, एवढंच सांगतो. रिकामं स्टूल एकदा करकरलं आणि आजीने त्या दिशेला, आबांना, हात जोडले.

मित्रांनो, आम्हाला धुळीपासून जपा, आमची पानं दुमडू नका. आणि डोळे गेलेलं कुणी एखादी गोष्ट वाचून दाखव म्हणालं, तर ती कितीही जड असो, शेवटपर्यंत वाचा. अर्ध्यावर सोडू नका.