ती भूक नव्हती

मित्रांनो, मी रागावलेला एक जुना कॅमेरा आहे. कॅमेऱ्याला कसला आलाय राग, असे तुम्ही म्हणाल. आधी सगळे ऐकून घ्या आणि मग काय ते म्हणा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे निळे झगे घातलेल्या बायका डोळ्याला भिंग लावून माझे बारीक बारीक स्क्रू बसवत असत. जिने माझे शटर बसवले, तिने मला कानाशी धरून ते पुन्हा पुन्हा उघडमीट केले आणि शेजारणीला म्हणाली, "ऐक, कसा छान वाजतोय!" आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी.

मला विकत घेतले ते एका लहानशा फोटो स्टुडिओच्या मालकांनी. सगळे त्यांना मास्तर म्हणत, कारण गिऱ्हाइकांना ते शाळेतल्या पोरांसारखे ताठ बसवत. ओळखपत्राचे फोटो, लग्नाचे फोटो, रडणाऱ्या बाळांचे फोटो, सगळे मी काढले. एखाद्या बाईला आपला फोटो पसंत पडला नाही, की ती तिथेच भांडायला उभी राही. "मी काय एवढी जाडी दिसते?" मास्तर कपाळाला हात लावत आणि पुन्हा फोटो काढत. अशी बावीस वर्षे गेली. मग लोक घरच्या घरी फोनवर फोटो काढू लागले, स्टुडिओला कुलूप लागले आणि दोन वर्षांनी मास्तरही गेले. मी त्यांच्या धाकट्या मुलाकडे आलो.

धाकटा एका कचेरीत नोकरीला होता. सुट्टीच्या दिवशी तो मला गळ्यात अडकवून रस्त्यारस्त्यांतून हिंडे. त्याचा हात चांगला होता, हे मी रागातही कबूल करतो. उजेड कुठून येतोय, सावली कुठे पडतेय, हे त्याला पटकन दिसे. माणूस मात्र दिसत नसे.

एका सकाळी तो मला घेऊन पुलाखालच्या बाजारात गेला. तिथे लिंबूवाली मावशी बसते. बाई धिप्पाड, आवाज खणखणीत. लिंबे ती नुसती ओतत नाही, रचते. पिवळीधमक पुढे, हिरवट मागे, असा ढीग लावायला तिला तासभर लागतो. तिच्या शेजारी बटाटेवाला बसतो. मावशी त्याला भाऊ म्हणते आणि दिवसभर शिव्या घालते. त्याचे त्याला काहीच वाटत नाही.

धाकटा समोरच्या खोक्यांच्या आडोशाला उभा राहिला. आख्खा रोल त्याने मावशीवर संपवला, म्हणजे छत्तीस फोटो. मी सगळे पाहिले आहेत. त्यांत मावशी हसते आहे, हातवारे करून भांडते आहे, नासके लिंबू भाऊच्या टाळक्यात मारते आहे, भाऊच्या डब्यातला घास न विचारता उचलते आहे.

रोलमधला शेवटचा फोटो उरला होता, एवढ्यात एक गिऱ्हाईक म्हणाले, "मावशी, लिंबं कोरडी दिसतात हो."

"कोरडी?" मावशी उसळली. "माझी लिंबं कोरडी? हे बघा!"

तिने एक लिंबू कापून त्या गिऱ्हाइकासमोर कचकन पिळले. रसाची चिळकांडी उडाली ती थेट तिच्याच डोळ्यांत.

"आई गं! भाऊ, फडकं दे! अरे मेल्या, फडकं दे आधी!"

तिचे डोळे मिटलेले, तोंड वासलेले, हात पुढे पसरलेला. गिऱ्हाईक पोट धरून हसत होते. भाऊने हसतहसत फडके पुढे केले. नेमक्या त्या क्षणी धाकट्याने माझे बटण दाबले. मित्रांनो, माझी पापणी माझ्या हातात नाही हो! ती दुसऱ्याच्या बोटाखाली असते.

घरी त्याने अंधाऱ्या खोलीत तो फोटो मोठा केला आणि मग कापाकापी सुरू केली. लिंबांचा ढीग कापला. हसणारे गिऱ्हाईक कापले. भाऊचा फडके धरलेला हात कापला. उरली ती डोळे मिटून, तोंड उघडून, रिकामा हात पसरलेली एकटी बाई. त्याने खाली पाटी लावली, 'भूक'.

पुढे शहराच्या वाचनालयात फिल्मवर काढलेल्या फोटोंची स्पर्धा भरली. प्रत्येक फोटोखाली एका फळीवर त्याचा कॅमेरा ठेवायचा होता. शिवाय आख्ख्या रोलमधले फोटो एकाच कागदावर लहान लहान छापून, तो कागद लिफाफ्यात घालून तिथेच ठेवायचा, असा नियम होता. कोणाला शंका आली, तर परीक्षकांनी तो उघडून पाहावा.

तीन परीक्षक आले. एक चित्रकार, एक वर्तमानपत्राचे संपादक आणि मुख्य परीक्षक म्हणून कला महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या एक बाई.

"उजेड बघा," चित्रकार म्हणाले, "कपाळावरून हातावर कसा उतरलाय."

"आणि आजूबाजूला काहीच नाही," संपादक म्हणाले. "केवढा एकटेपणा!"

बाईंनी चष्मा वर केला. "त्या हातावरून नजर हलत नाही. किती दिवसांची उपाशी असेल हो बिचारी?"

मला ओरडावेसे वाटले. उपाशी? अहो, त्या फोटोच्या आधीच तिने भाऊचा अर्धा डबा रिकामा केला होता! लिफाफा माझ्याच अंगाला टेकून उभा होता. तिघांपैकी एकानेही त्याला हात लावला नाही. बाईंनी वहीत लिहिले, पहिला क्रमांक.

दुसऱ्या दिवशी फोटो वर्तमानपत्रात आला, पाटीसकट. चार दिवसांनी वाचनालयाच्या त्याच सभागृहात बक्षीस समारंभ होता. धाकटा नवा सदरा घालून पहिल्या रांगेत बसला होता. त्याचे नाव पुकारले आणि त्याच वेळी मागचा दरवाजा धाडकन उघडला. हातात वर्तमानपत्राचे पान घेऊन मावशी आली. तिच्या मागून भाऊ.

"कुणी काढला हा फोटो?"

मावशी भिंतीपाशी आली, 'भूक' हा शब्द तिने बोट ठेवून मोठ्याने वाचला आणि सभागृहाकडे वळली.

"एकतीस वर्षं मी लिंबं विकते. कधी कुणापुढे हात पसरला नाही. आणि हा पेपर आल्यापासून लोक काय करतात, माहीत आहे? उरलंसुरलं अन्न पुड्यात बांधून माझ्या ढिगावर ठेवून जातात! लिंबू घेत नाहीत, नुसतं बघतात आणि च्‌ च्‌ करतात. काल एकीनं जुन्या कपड्यांचं गाठोडं टाकलं. माझी लेक शाळेत शिकवते. तिला सगळे विचारतात, आईला जेवायला घालत नाहीस का म्हणून!"

धाकटा उठला. "मावशी, ऐका तरी. ती कला आहे. तुमचा अपमान करायचा नव्हता मला."

"मग काय करायचं होतं? माझ्या डोळ्यात लिंबू उडालं होतं रे! मी फडकं मागत होते ह्याच्याकडे!"

"मी दिलं पण होतं," भाऊ म्हणाला. "माझा हात कुठाय ह्यात?"

सभागृहात कोणीतरी हसले. मावशीने त्या दिशेने असे पाहिले, की हसू जागच्या जागी विरले.

"फोटो कापू नये असा नियम नाही," धाकटा पुटपुटला. तेही खरेच होते.

मुख्य परीक्षक बाई उठल्या. त्यांनी फळीवरचा लिफाफा उघडला आणि भिंग लावून तो कागद वाचायला लागल्या. हो, वाचायलाच. छत्तीसही फोटो त्यांनी एकेक करून पाहिले. बराच वेळ लागला. मग म्हणाल्या, "हा लिफाफा मी त्या दिवशी उघडायला हवा होता. मी आळस केला. तुम्ही बघा, मावशी."

मावशीने भिंग हातात घेतले. भाऊनेही डोके खुपसले. थोड्या वेळाने तिने एका चौकोनावर बोट ठेवले. त्यात ती दोन्ही हात उंचावून भांडत होती, पुढे आख्खा ढीग होता आणि मागे भाऊ डोके वाचवत होता.

"फोटो चांगला म्हणायचा तर हा."

"ह्यात हात हललाय," चित्रकार म्हणाले.

"हलणारच! काम करत होते मी. पुतळा आहे का?"

"कापायला बंदी नाही, पण ही पाटी खोटी आहे," असे म्हणून बाईंनी ती स्वतःच्या हाताने उचकटून काढली आणि बक्षीस रद्द केल्याचे जाहीर केले. संपादकांना त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे, हे उद्याच्या अंकात छापा. माझ्या नावासकट."

छापले. आतल्या पानावर, चार ओळी, शेतजमिनीच्या नोटिशीशेजारी. 'भूक' पहिल्या पानावर हाताएवढा मोठा आला होता! त्या चार ओळी कोण वाचणार? पुढे कितीतरी दिवस मावशीच्या ढिगावर पुडे येतच राहिले. ती ते ठेवणाऱ्याच्या मागे धावत जाऊन परत देई.

महिन्याभराने धाकटा बाजारात गेला. मी त्याच्या गळ्यात होतो. मावशीने आधी मला पाहिले.

"ते पिशवीत घाल आधी."

त्याने मला पिशवीत घातले. पुढचे मी फक्त ऐकले. तिने निवडलेला फोटो त्याने मोठा करून आणला होता, न कापता.

"मावशी, चुकलं माझं."

कागदाची सळसळ झाली.

"ढीग बरा आलाय," ती म्हणाली. "हा मी ठेवून घेते. तू बाजूला हो, गिऱ्हाईक उभं आहे."

असू दे, जाऊ दे, असे ती म्हणाली नाही. का म्हणावे तिने?

त्या दिवसापासून धाकट्याने मला कपाटात ठेवले आहे. माझ्या काचेवर बुरशीचे जाळे चढले आहे आणि शटर अडकले आहे. मला पुसा, मला दुरुस्त करा, अशी विनवणी मी करणार नाही. मित्रांनो, माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरात आज कितीतरी कॅमेरे आहेत आणि तुम्हीही फोटोंना नावे ठेवाल. एखाद्या माणसाच्या चेहऱ्याखाली शब्द लिहाल, तेव्हा त्याच्यासमोर उभे राहून, त्याच्या डोळ्यांत बघून तो मोठ्याने वाचता येईल का, एवढे स्वतःला विचारा. जीभ अडखळली, तर तो खोडून टाका.